दगड, छाया आणि दप्तर

हळेबीडच्या होयसळेश्वराची पहिली छायाचित्रे ज्यांनी घेतली, त्यांपैकी बहुतेकांचा तो पोटाचा धंदा नव्हता. ती मंडळी, आपल्यासारखीच, हुकुमाने घरापासून दूर येऊन पडलेली नोकरदार माणसे होती. लिनिअस ट्राइप हा मद्रासच्या पायदळातला अधिकारी, त्याची पलटण बंगळुरास, डॉ. अँड्र्यू नील हा लष्करी डॉक्टर. थॉमस बिग्ज मुंबईच्या तोफखान्यातला. आणि त्याच्या जागी नेमला गेलेला डॉ. पिगू मुंबईच्या वैद्यकीय खात्यातला. ह्यांची नावे आपल्याकडच्या कलाविषयक लेखनात क्वचितच आढळतात. आढळली तरी ती चित्राखाली, बारीक टाइपात. आपण शिल्पाविषयी लिहितो, शिल्पाच्या छायाचित्राविषयी लिहीत नाही. जणू काही छायाचित्र म्हणजे खिडकीची स्वच्छ काच आणि तिच्यातून मूर्ती जशीच्या तशी दिसते. ही समजूत किती भाबडी आहे, एवढेच ह्या लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम थोडी हकीकत. १८५४ च्या डिसेंबरात ट्राइप बंगळुराहून हळेबीड-बेलूरकडे गेला, आणि पुढल्याच वर्षी मद्रासच्या प्रदर्शनात त्याने ६८ छायाचित्रे मांडली. तोवर ही देवळे कोणी कॅमेऱ्याने टिपलेली नव्हती. १८५६ मध्ये रिचर्ड बॅनर ओकली ह्याने होयसळेश्वराची छायाचित्रे घेतली. त्यांतील ५६ छायाचित्रांचा ग्रंथ १८५९ मध्ये लंडनला निघाला. नीलचे कामही ह्याच दशकातले. इकडे मुंबई इलाख्यात १८५५ मध्ये बिग्जची नेमणूक होऊन विजापूर, बदामी, ऐहोळे ह्या बाजूचे काम सुरू झाले. वर्षाच्या आतच त्याला पलटणीत परत बोलावण्यात आले आणि पिगू आला. ह्या तिघांची, म्हणजे पिगू, नील आणि बिग्ज ह्यांची छायाचित्रे एकत्र करून १८६६ मध्ये धारवाड आणि म्हैसूरकडील वास्तुशिल्पावरचा मोठा ग्रंथ लंडनच्या जॉन मरेने काढला. ऐतिहासिक मजकूर मेडोज टेलरचा, वास्तुविषयक टिपा जेम्स फर्ग्युसनच्या, आणि आश्रय मुंबईच्या प्रेमचंद रायचंदांचा. १८६५ च्या शेअरबाजाराच्या पडझडीत प्रेमचंदांचे काय झाले हे मुंबईकरांस सांगावयास नको. दाता बुडाला आणि दान मात्र वर्षभराने छापून बाहेर पडले. पिगूही तोवर हयात नव्हता.

ह्या ग्रंथांच्या मूळ प्रती हाती घेऊन पाहण्याचे भाग्य मला लाभलेले नाही. परदेशी संग्रहांनी संगणकाच्या पडद्यावर खुल्या केलेल्या प्रतिमा आणि काही पुनर्मुद्रणे ह्यांवरच माझी भिस्त आहे. समीक्षकाने हे आरंभीच सांगितलेले बरे. कारण प्रतिमेची प्रतिमा हाच ह्या लेखाचा विषय आहे.

‘काळीपांढरी’ छायाचित्रे असे आपण म्हणतो, तो शब्दही सैल आहे. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर उठवलेली ती जुनी चित्रे वस्तुतः तपकिरी असतात, आणि काळाने कडांशी पिवळी पडतात. पण रंगाचा अभाव एवढ्याच अर्थाने शब्द घेतला तरी प्रश्न उरतो: हा अभाव कोणी ठरवला? त्या काळी दुसरा उपायच नव्हता, हे खरे. मात्र त्या निरुपायाचेही नियम होते. मेण दिलेला कागद हेच ट्राइपचे निगेटिव्ह. तो मिश्रणांनी भिजवून, वाळवून, कॅमेऱ्यात घालून काही मिनिटे उघडा ठेवावा लागे. त्या कागदाला निळा रंग तेवढा चटकन दिसे. तांबडा आणि पिवळा जवळजवळ दिसतच नसे. म्हणून आकाश कोरे पांढरे, झाडे काजळासारखी काळी, आणि तांबूस दगड असेल तर तो असावा त्याहून कितीतरी गडद. बदामीचा दगड तांबूस आहे. हळेबीडचा हिरवट करडा, मऊ जातीचा, खाणीतून निघताना सुरीने कापावा असा आणि हवेत राहून घट्ट होणारा. बदामीला जी यातना कागदाने दिली ती हळेबीडला दिली नाही. बदामीपेक्षा हळेबीडची जुनी छायाचित्रे अधिक ‘खरी’ वाटतात, ह्यामागे छायाचित्रकाराच्या कौशल्याइतकाच दगडाच्या रंगाचा हात आहे. शैलींची तुलना करणाऱ्या अभ्यासकाने ही गोष्ट ध्यानी ठेवली नाही, तर रसायनाचा गुण तो शिल्पकाराच्या पदरात टाकील.

आकाश कोरे राही म्हणून ट्राइप काय करी? निगेटिव्हवर हाताने रंग लावून तो ढग काढी. झाडांचे ठोकळे पडत तेथे पानांचा भास आणी. सरकारी दप्तरासाठी घेतलेल्या पुराव्यात ढग रंगवणे! आमच्या कचेरीत कोणी टिपणीत अशी भर घातली असती तर त्याच्यावर मेमो निघाला असता. परंतु ट्राइपला दोष देताना माझी लेखणी अडखळते. देवळाच्या दगडाला त्याने, माझ्या माहितीप्रमाणे, हात लावला नाही. हात लावला तो देवळाभोवतीच्या पोकळीला. पोकळी कोरी राहिली तर दगडाची कड डोळ्यांना बोचते आणि देऊळ कात्रीने कापून चिकटवल्यासारखे दिसते, हे त्याने जाणले होते. खरे दिसावे म्हणून त्याने खोटे घातले. दप्तरी छायाचित्राच्या जन्मापासूनच हा पेच त्याच्याबरोबर आहे.

ह्याच ट्राइपने १८५८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वराच्या जोत्यावरील लेख २१ छायाचित्रे एकापुढे एक जोडून सलग टिपला. ती पट्टी सुमारे १९ फूट लांब होते. तिच्यात ढग नाहीत, छायेचे नाट्य नाही; भिंतीशी समांतर चालत जाणारा एक डोळा तेवढा आहे. मला हे त्याचे सर्वांत थोर काम वाटते. पुढे १८५९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन ह्यांनी काटकसरीसाठी छायाचित्रणाचे हे काम बंद केले. नकाशा-चित्रे काढणाऱ्या माणसांपेक्षा कॅमेरा स्वस्त पडतो, अशा हिशेबाने कंपनीच्या वरिष्ठांनीच ज्याची शिफारस केली होती, ते चार वर्षांत चैनीचे ठरले. मंजुरी आणि नामंजुरी दोन्हींचे कारण पैसाच. मध्ये जे झाले ते शिल्लक राहिले.

आता हळेबीडच्या भिंतीकडे वळू. तेथील गजथराची लांबी फर्ग्युसनने ७१० फूट सांगितली आहे आणि हत्तींची संख्या दोन हजारांच्या घरात. त्यावर सिंह, वेलपट्टी, घोडेस्वार, पुराणकथांचे थर, आणि त्याहून वर देवतांच्या मोठ्या मूर्ती. हे देऊळ सरळ भिंतींचे नाही. भिंत पुढे येते, मागे जाते, कोनात वळते. परिणामी दिवसाच्या कोणत्याही घटकेला एक अंग उन्हात आणि शेजारचे सावलीत असते. शिवाय होयसळांचे कोरीवकाम वरवरचे नव्हे. मूर्ती मागून पोखरून भिंतीपासून जवळजवळ सुटी केलेली असते. दागिन्यांच्या साखळ्यांतूनही प्रकाश आरपार जावा असा कारागिराचा हट्ट. अशा कामावर कडक ऊन पडले की प्रत्येक मण्याला आपली सावली, प्रत्येक सावलीचा दुसऱ्या मण्यावर घाला. काळ्यापांढऱ्या चित्रात मग मूर्ती दिसत नाही, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी दिसते. ढगाळ हवेत घ्यावे तर सर्व तपशील मोजता येतो, पण मूर्तीचे शरीर सपाट होते; मांडीचा भार आणि पोटाचा उतार कळेनासा होतो. अजंठा-वेरूळच्या लेण्यांत प्रकाश एका बाजूने, दारातून येतो. तेथे निसर्गच छायाचित्रकाराचा मदतनीस आहे. हळेबीडला असा मदतनीस नाही.

जुन्या छायाचित्रकारांपैकी नील मला येथे सरस वाटतो. तो ऊन पूर्ण टाळीत नाही आणि त्याला शरणही जात नाही. भिंत तिरक्या प्रकाशात येण्याची वेळ तो गाठतो, आणि एका मूर्तीच्या मोहात न पडता तिच्या डावी-उजवीकडील भिंत चौकटीत राहू देतो. ओकलीची चित्रे त्या मानाने अधिक ठाम, अधिक समोरासमोर आहेत. त्यांत देऊळ आहे, पण देवळाभोवती चालणारा माणूस नाही.

हा चालणारा माणूस म्हणजे या विषयाची नाडी आहे. हाइनरिश व्योल्फ्लिन ह्या स्विस कलापंडिताने १८९६-९७ मध्ये आणि पुन्हा १९१५ मध्ये ‘शिल्पांची छायाचित्रे कशी घ्यावीत’ ह्या विषयावर लेख लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की जुन्या शिल्पकाराने मूर्तीला एक मुख्य बाजू दिलेली असते. तेथूनच ती पाहावी, तेथूनच टिपावी, आणि चमत्कृतीसाठी कोपऱ्यातून टिपणाऱ्या छायाचित्रकारांनी लोकांची दृष्टी बिघडवली आहे. ग्रीक आणि इटालियन पुतळ्यांच्या बाबतीत ते मला पटते. पण होयसळ भिंतीला हा नियम लावावा कसा? ती भिंत प्रदक्षिणेसाठी आहे. उजव्या हाताला देव ठेवून चालणाऱ्याला एक मूर्ती दिसू लागते, पूर्ण होते आणि मावळते, तोवर पुढली दिसू लागलेली असते. येथे मुख्य बाजू मूर्तीची नसून चालीची आहे. तंजावरच्या २१ तुकड्यांत ट्राइपने नकळत हेच ओळखले होते. शंभर सुटी, सुंदर, समोरून घेतलेली चित्रे हळेबीडविषयी जे सांगणार नाहीत, ते अशी एक जोडपट्टी सांगेल.

बेलूरच्या मदनिकांचे तर ह्याहून अवघड. त्या छपराखाली, स्तंभशीर्षावर, पुढे कलून बसवलेल्या आहेत. कारागिराला खाली उभा असलेला माणूस ठाऊक होता. त्या माणसाच्या मानेचा कोन हिशेबात धरून त्याने मूर्तीला कल दिला. पुरातत्त्वाचा छायाचित्रकार काय करतो? परात बांधतो, वर चढतो आणि मूर्तीच्या डोळ्याला डोळा भिडवून चित्र घेतो. दर्पणसुंदरीचा प्रत्येक अलंकार स्पष्ट येतो आणि तिची उभी राहण्याची सारी गंमत नाहीशी होते. अभिलेखासाठी असे समपातळीचे चित्र हवे, ह्यात वाद नाही. परंतु तेच ग्रंथांत, कॅलेंडरांवर, पाठ्यपुस्तकांत जाते आणि लोक बेलूरला जाऊन वर पाहतात तेव्हा त्यांना वाटते की आपल्याला नीट दिसत नाही. त्यांनाच नीट दिसत असते.

ह्यावर कोणी विचारील, छायाचित्र इतके लबाड असेल तर त्यावरून शिल्प समजणारच नाही काय? तसे मला म्हणावयाचे नाही. उलट एक विलक्षण उदाहरण पाहा. रोदँ हा फ्रान्सचा महान शिल्पकार हिंदुस्थानात कधी आला नाही. व्हिक्टर गोलुबेव्हने दाखवलेली मद्रासच्या संग्रहालयातील नटराजाची छायाचित्रे पाहून १९१३ च्या सुमारास त्याने जे लिहिले, ते १९२१ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाले. त्याच ग्रंथात घारापुरीच्या महेशमूर्तीचीही छायाचित्रे आहेत. ब्राँझच्या शरीरातून प्रकाश कसा वाहतो हे त्याने कागदावरून ओळखले. शिल्पकाराच्या बोटांना छायेची भाषा येत होती. तिच्यावरून त्याने वस्तुमान वाचले. इकडे आपल्या गणपतराव म्हात्र्यांच्या ‘मंदिरपथगामिनी’वर रवींद्रनाथांनी बंगालीत लेख लिहिला, तोही छायाचित्र समोर ठेवूनच. मुंबईतला प्लास्टरचा पुतळा कलकत्त्याच्या वाचकांपर्यंत पोहोचला तो सावलीच्या रूपाने. तेव्हा कागदावरून शिल्प समजत नाही असे नाही; समजते ते एका विशिष्ट प्रकारे, निवडलेले, गाळलेले. रोदँने जो नटराज पाहिला त्याच्या अंगावर वस्त्र नव्हते, हार नव्हता, पुढे दीप नव्हता. संग्रहालयाने त्याची पूजा काढून घेतली होती आणि कॅमेऱ्याने त्याचा रंग. त्या दुहेरी विवस्त्रतेतून जे उरले त्याला आधुनिक युरोपने ‘शुद्ध रूप’ म्हटले, आणि आपणही पुढे तेच म्हणू लागलो.

ह्या शुद्ध रूपाची परमावधी म्हणजे स्टेला क्रॅमरिश ह्यांच्या हिंदू मंदिरावरील १९४६ च्या कलकत्ता विद्यापीठाच्या ग्रंथातील रेमाँ बर्निए ह्यांची छायाचित्रे. ती पाहून डोळे निवतात. दगड त्यांत श्वास घेतो असे कोणी म्हटले तर मी हरकत घेणार नाही. मात्र तेथे प्रकाश हा दुसरा शिल्पकार आहे, आणि कधीकधी तो पहिल्याच्या हातातून छिन्नी काढून घेतो. पानामागून पान उलटताना मी मूर्तीवर लुब्ध होतो आणि मूर्ती भिंतीवर कोठे आहे हे विसरतो. ग्रंथकर्तीचा सारा सिद्धान्त देवळाच्या एकात्म देहाविषयी, आणि मन भरून राहते ते तुकड्यांनी. हे चित्रांचे अपयश म्हणावे की अतिरेकी यश, ते मला ठरवता आलेले नाही.

ह्याच्या उलट टोकाला खात्यांची आणि संस्थांची चित्रे. मुद्दाम नीरस, समोरून, सारख्या उजेडात, बाजूला मोजपट्टी. हेन्री कझिन्सचे कानडी मुलखातील चालुक्य वास्तूंवरचे १९२६ चे आणि दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरचे १९३१ चे काम आपल्यापैकी काहींनी चाळले असेल. दुसऱ्या ग्रंथात आपले अंबरनाथ आहे, सिन्नरचा गोंदेश्वर आहे. अशी चित्रे पाहताना जांभई येते हे मी कबूल करतो. पण जांभईची किंमत कळण्यासाठी पाँडिचेरीचे उदाहरण घ्यावे. तेथील फ्रेंच संस्था १९५५ मध्ये स्थापन झाली, आणि दुसऱ्याच वर्षापासून तिने दक्षिणेतील देवळांची आणि मूर्तींची छायाचित्रे घेण्यास आरंभ केला; आज तो संग्रह लाखाच्या वर गेला आहे आणि त्यातला फार मोठा भाग काळापांढरा आहे. तमिळ मुलखातील श्रीपुरंदान गावचा चोळकालीन नटराज चोरीस गेला आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तो पन्नास लाख डॉलरांना विकत घेतला. वृद्धाचलमची दगडी अर्धनारीश्वराची मूर्ती अशीच सिडनीच्या दालनात जाऊन पोहोचली होती. ह्या मूर्ती आपल्याच, हे सिद्ध झाले ते पाँडिचेरीच्या त्या कंटाळवाण्या चित्रांशी ताडून पाहिल्यावर. सप्टेंबर २०१४ मध्ये दोन्ही परत आल्या. मूर्तीच्या अंगावरचा ओरखडा, तुटलेला कंगोरा, ओतकामातील डाग, ह्या गोष्टी सौंदर्यवादी छायाचित्रकार सावलीत लपवतो. दप्तरी छायाचित्रकार त्या उजेडात ठेवतो, कारण त्याला कोणाला मोहवायचे नसते. कोर्टात साक्ष देण्यास बर्निए उपयोगी पडला नसता.

हळेबीडलाच केदारेश्वराच्या शिखरावर झाड उगवलेले जुन्या छायाचित्रात दिसते. मुळांनी दगड फोडले आणि ते शिखर पुढे कोसळले; फर्ग्युसनने छायाचित्रावरून कोरून घेतलेले चित्र छापले तेव्हा ह्या नाशाविषयी हळहळ व्यक्त केली आहे. आज ते देऊळ शिखरावाचून उभे आहे. झाड कापावे म्हणून कोणी त्या छायाचित्राला टिपणी जोडून वर पाठवले होते काय, हा कारकुनी प्रश्न मला ते चित्र पाहताना दर वेळी छळतो. २०२३ च्या सप्टेंबरात बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूर जागतिक वारशाच्या यादीत गेली, तेव्हा ह्या चित्राची मला पुन्हा आठवण झाली.

रंगाचा प्रश्न अजून राहिला. रॉबर्ट गिल १८४४ पासून अजंठ्याच्या चित्रांच्या रंगीत प्रतिकृती करीत होता. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या होत्या आणि १८६६ च्या डिसेंबरात आगीत बहुतेक सर्व भस्म झाल्या. धारवाड-म्हैसूरचा ग्रंथ निघाला तेच हे वर्ष. गिलने काढलेली छायाचित्रे मात्र १८६४ मध्येच ग्रंथरूप झाली होती, म्हणून ती राहिली. अजंठ्याच्या भित्तिचित्रांचे काळेपांढरे छायाचित्र म्हणजे गाण्याचे नुसते ताल-बोल; त्यात रंगाची हानी भरून येत नाही. शिल्पाच्या बाबतीत ही हानी आपण हानी मानीत नाही, कारण शिल्प म्हणजे दगड आणि दगडाला रंग नसतो अशी आपली धारणा. संग्रहपालांचे कारण अधिक व्यावहारिक आहे: नीट धुतलेले चांदीचे निगेटिव्ह शंभर वर्षे टिकते, रंगीत फिल्ममधले रंग वीस-तीस वर्षांत उडू लागतात. आता अंकीय चित्रणात हे कारणही उरलेले नाही. रंगीत चित्र घेऊन मागाहून हवे तर ते काळेपांढरे करता येते. म्हणजे काळेपांढरे आज निरुपाय नाही, निवड आहे. निवडीची जबाबदारी निरुपायाहून मोठी.

ही जबाबदारी मला समजली ती पुस्तकांतून नव्हे, घराजवळच्या नंदीपाशी. बसवनगुडीचा हा दोड्ड बसवण्णा एकाच खडकातून कोरलेला, सुमारे १५ फूट उंच आणि २० फूट लांब. देऊळ पहिल्या केंपेगौडाच्या काळचे, सोळाव्या शतकातले. शेंगांचे शेत खाणाऱ्या बैलाचा दगड झाला आणि तो दगड वाढतच राहिला, ही कथा कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारच्या कडलेकाई परिषेत प्रत्येक नवागताला ऐकवली जाते. मूळ दगड करडा. तेल, लोणी आणि कोळशाच्या पुटांनी तो आज काळाकुळकुळीत आणि चकचकीत झाला आहे. वडिलांच्या वेळचा फिल्मचा कॅमेरा आहे, तो घेऊन मी पुजाऱ्यांच्या परवानगीने चार रविवार तेथे गेलो.

पहिल्या रविवारचा नंदी राखाडी निघाला. प्रकाशमापकाला काळा रंग ठाऊक नसतो. समोर जे असेल ते मध्यम करडे समजून तो वाजवीपेक्षा जास्त प्रकाश घ्यावयास सांगतो. दुसऱ्या खेपेस दोन पायऱ्या प्रकाश कमी केला. नंदी काळा आला, पण दिव्यांच्या झगमगाटाने त्याच्या पाठीवर पांढरे चट्टे पडले. अभिलेखासाठी चकाकी टाळावी असा नियम आहे, म्हणून तिसऱ्या रविवारी चकाकी मारणारे भिंग लावले. चट्टे गेले, आणि नंदीही गेला. कागदावर एक काळा ढीग राहिला. तेव्हा उमगले की करड्या दगडाची मूर्ती सावलीने घडते, पण ह्या तेलकट काळ्या मूर्तीवर सावली पडतच नाही. तिचे खांदे, वशिंड, गळ्याची पोळी, घंटांची माळ हे सर्व उजेडाच्या रेघांनी काढलेले आहे. चकाकी हा तेथे दोष नसून तीच रेखा आहे. कारागिराने कोरले ते करड्या दगडात, सावलीच्या भाषेत. भक्तांनी शतकानुशतके तेल चोपडून ते उजेडाच्या भाषेत भाषांतरित केले. मी कोणाच्या शिल्पाचे छायाचित्र घेत होतो? केंपेगौडाच्या पाथरवटाच्या, की त्या तेलाच्या हातांच्या?

चौथ्या रविवारी चकाकी राहू दिली आणि चित्र त्यातल्या त्यात बरे आले. ते मी आमच्या शेजारच्या अज्जींना दाखवले. त्या ह्याच वस्तीत लहानाच्या मोठ्या झालेल्या आहेत. चित्र त्यांनी हातभर लांब धरून पाहिले आणि कानडीत म्हणाल्या, “हा पूजेच्या आधीचा दिसतो. अजून अलंकार व्हायचाय.”

वस्तुतः त्या दिवशी नंदीच्या गळ्यात झेंडूचा आणि शेवंतीचा भलामोठा हार होता, कपाळी हळदकुंकू होते. चित्रातही ते सर्व होते. पण झेंडू करडा, कुंकू काळे, काळ्यावर काळे. अज्जींना ते दिसले नाही, आणि न दिसणे बरोबरच होते. माझ्या ‘शुद्ध रूपा’ने पूजा पुसली नव्हती, ती अदृश्य केली होती. मागाहून कोणी हा कागद संग्रहात पाहील तर म्हणेल की ह्या काळी नंदीला कुंकू लावीत नसत.

म्हणून आता मी त्या चौथ्या चित्राच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवले आहे: रविवार, सकाळी सव्वाआठ, नंदीच्या उजव्या अंगाने, जमिनीपासून साडेचार फुटांवरून, विजेचे दिवे चालू, तेल ताजे, हार झेंडूचा, पिवळा आणि नारिंगी, मध्ये पांढरी शेवंती, कुंकू कपाळी तीन बोटांएवढे, लाल.